नकाशावरचा वारा वाचायला शिका: मॉरिशसच्या दाबापासून आपल्या बांधापर्यंत

मे संपत आला की माझ्याकडे दोन प्रकारचे निरोप येतात. गावाकडून फोन येतो, "यंदा कधी? बियाणं घेऊन ठेवू का?" शहरातली मंडळी विंडी या हवामानाच्या ॲपवरचं लाल-जांभळ्या भोवऱ्याचं चित्र पाठवतात आणि खाली एकच ओळ असते, "हे आपल्याकडे येतंय का?" चित्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे, पण ते वाचायचं कसं हे फारसं कुणी शिकवत नाही. मग कुणाच्या तरी दहा सेकंदांच्या व्हिडिओवर विसंबून पेरणी होते. पेरणी मोडली की बियाणं, खत, मजुरी सगळं मातीत जातं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. दाबाचा सुटा आकडा फार काही बोलत नाही. दोन ठिकाणांच्या दाबांत फरक किती आहे आणि त्या फरकामुळे वारा कुठून कुठे निघालाय, हे पाहायचं. ही सवय लागली की अंदाज सांगणारा माणूस नेमकं काय म्हणतोय तेही कळायला लागतं.

पायरी १: घरच्या दाबापासून सुरुवात करा

हवेलाही वजन असतं. समुद्रकिनारी दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो हवेचा भार असतो. तो हेक्टोपास्कलमध्ये मोजतात. जुन्या पुस्तकांतला मिलिबार तोच. समुद्रसपाटीवरची जागतिक सरासरी १०१३.२५ हेक्टोपास्कल. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो आणि बॅरोमीटरचं एखादं साधं ॲप घेतलं की आकडा दिसतो.

इथे पहिली चूक होते. वाईत माझ्या फोनवर ९३०च्या आसपास आकडा दिसतो. बातमीत तर "१००६ हेक्टोपास्कल" असं काहीतरी सांगतात. मग वाईवर चक्रीवादळ बसलंय का? पसरणीचा घाट चढताना फोन हातात धरून पाहा. वळणावळणाला आकडा उतरत जातो आणि पाचगणीला पोचेपर्यंत ८७०पर्यंत येतो. अर्ध्या तासात साठ हेक्टोपास्कल कमी झाले, आणि हवामान तसूभरही बदललेलं नाही. आपण फक्त वर गेलो, डोक्यावरची हवा कमी झाली. आपल्याकडच्या उंचीवर दर शंभर मीटरला साधारण ११ हेक्टोपास्कल कमी होतात. नकाशावरचे आकडे समुद्रसपाटीला आणून दाखवलेले असतात, म्हणूनच पुणे, नागपूर आणि रत्नागिरी एका रांगेत ठेवून ताडून पाहता येतात. ॲपमध्ये "समुद्रसपाटीचा दाब" असा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर आकडा तसाच राहू द्या आणि फक्त रोजचा बदल पाहा.

दुसरी चूक याहून फसवी आहे. आपल्या उष्ण पट्ट्यात दाबालाही भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, पहाटे चार आणि दुपारी चारच्या आसपास उतरलेला. सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्या वेळात तीन-चार हेक्टोपास्कल सहज उतरतात, आणि हे रोज होतं, निरभ्र आकाश असलं तरी होतं. नवा बॅरोमीटर घेतलेला माणूस दुपारी तो पाहतो आणि वादळ आलं म्हणून घाबरतो.

उपाय सोपा आहे. रोज ठरलेल्या एकाच वेळी नोंद घ्या. सकाळी साडेआठ ही वेळ उत्तम, कारण हवामान खात्याची मुख्य नोंद तेव्हाचीच असते आणि चोवीस तासांचा पाऊसही साडेआठ ते साडेआठ असाच मोजतात. आजच्या साडेआठच्या आकड्यातून कालचा साडेआठचा आकडा वजा करा. हा फरक एकापेक्षा कमी असेल तर विशेष काही नाही. दोन-तीन हेक्टोपास्कलनी दाब उतरला असेल तर आसपास काहीतरी शिजतंय, नकाशा उघडा.

पायरी २: रेषा कशा वाचायच्या

सारखा दाब असलेली ठिकाणं जोडली की समदाब रेषा मिळते. भारतीय हवामान खात्याच्या नकाशावर या रेषा दोन-दोन हेक्टोपास्कलच्या अंतराने काढतात. रेषा दाटीवाटीने असतील तिथे वारा जोराचा, विरळ असतील तिथे वारा पडलेला. शेतात पाणी सोडताना उतार जास्त तिथे पाणी वेगात जातं, तसंच.

पण पाणी सरळ उताराने जातं आणि वारा तसा जात नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात तो उजवीकडे वळतो, दक्षिण गोलार्धात डावीकडे. गास्पार कोरिऑलिसने १८३५मध्ये या वळण्याचं गणित मांडलं. विषुववृत्तावर हा परिणाम शून्य असतो आणि ध्रुवांकडे वाढत जातो. त्यामुळे आपल्याकडे कमी दाबाच्या केंद्राभोवती वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरत फिरत आत येतो, आणि जास्त दाबाच्या केंद्रातून घड्याळाच्या दिशेने फिरत बाहेर पडतो. आत आलेल्या हवेला जायला जागा वरच असते. वर गेली की ती थंड होते, तिच्यातल्या वाफेचे ढग होतात. जास्त दाबाखाली उलट घडतं, हवा खाली बसते, तापते, कोरडी होते आणि आकाश मोकळं राहतं.

यातून हाताशी येणारा नियम बाइज बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने १८५७मध्ये सांगितला. उघड्या माळावर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. डावा हात आडवा पसरा. कमी दाब त्या हाताच्या बाजूला, किंचित पुढच्या अंगाला असतो. जमिनीशी घासून वारा थोडा आत वळतो, म्हणून "किंचित पुढे". खिंडीत, नदीच्या खोऱ्यात किंवा इमारतींच्या मधल्या बोळात हा प्रयोग करू नका, तिथे वारा जागेप्रमाणे वळतो. तिथे वर पाहा आणि खालच्या ढगांची धाव कुठून कुठे आहे ते धरा.

वाऱ्याच्या नावाबद्दल एक खूणगाठ बांधून घ्या. वारा जिथून येतो त्या दिशेचं नाव त्याला देतात. नैर्ऋत्य वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि ईशान्येकडे जातो. ॲपवरचे सरकणारे पट्टे मात्र जाण्याची दिशा दाखवतात. यात गल्लत झाली तर सगळंच उलटं वाचलं जातं.

पायरी ३: पृथ्वीचे मोठे पट्टे, आणि आपला त्यातला वाटा

शाळेतली आकृती आठवा. विषुववृत्तापाशी हवा तापून वर जाते, तिथे कमी दाबाचा पट्टा. ती वरच्या वर सरकून तीस अंशांच्या आसपास खाली बसते, तिथे जास्त दाब. सहारा, अरबस्तान आणि ऑस्ट्रेलियातली वाळवंटं याच पट्ट्यात आहेत. तिथून विषुववृत्ताकडे परतणारे ते व्यापारी वारे. त्यांच्या तिरपेपणाचं कारण जॉर्ज हॅडलीने १७३५मध्ये पृथ्वीच्या फिरण्याशी जोडलं. तीस ते साठ अंशांमध्ये पश्चिमी वारे, त्यापलीकडे ध्रुवीय वारे. एवढं पुरे.

आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की हे पट्टे जागचे हलतात. सूर्य उत्तरेकडे सरकला की विषुववृत्तीय कमी दाबाचा पट्टाही उत्तरेकडे येतो, आणि भारतात तो जगात इतरत्र क्वचितच येतो इतका वर, गंगेच्या मैदानापर्यंत येतो. एडमंड हॅलीने १६८६मध्ये मोसमी वाऱ्यांचं कारण जमीन आणि समुद्राच्या तापण्यातला फरक असं सांगितलं होतं. शाळेत अजून तेच शिकवतात, आणि सुरुवातीचं कारण म्हणून ते बरोबरही आहे. पण एक शंका उरते. आपल्याकडे जमीन सर्वांत तापते मे महिन्यात, आणि पाऊस भरात असतो जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन गार झाल्यावर. नुसतं तापणं पुरेसं असतं तर मे महिन्यातच झड लागली असती. देवराज सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी १९८०मध्ये उपग्रहांची चित्रं दिवसामागून दिवस तपासून दाखवलं, की ढगांचा मोठा पट्टा विषुववृत्तीय हिंदी महासागरातून वारंवार उत्तरेकडे सरकत येतो आणि आपल्याकडचा पाऊस त्याला बांधलेला असतो. त्यामुळे पाऊस सलग चार महिने पडत नाही. जोर, मग उघडीप, मग पुन्हा जोर, असा तो खेळतो. हे ध्यानात ठेवलं तर जुलैतल्या दहा दिवसांच्या उघडिपीने धीर सुटत नाही.

पायरी ४: पावसाळ्यात रोज पाहायच्या चार जागा

लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी ही. विंडी किंवा तत्सम ॲप उघडा, वाऱ्याचा थर निवडा आणि उंची ८५० हेक्टोपास्कलवर न्या. वर जावं तसा दाब उतरतो, म्हणून ॲपमध्ये उंची दाबाच्या आकड्यातच सांगतात; ८५० म्हणजे साधारण दीड किलोमीटर. म्हणजे हा वारा जवळपास महाबळेश्वरच्या माथ्याच्या पातळीचा. जुलैत आर्थर सीटच्या कड्यावर उभं राहिलं की सावित्रीच्या खोऱ्यातून वर येणारं धुकं आणि पाणी तोंडावर आपटतं, छत्री धरवत नाही. तो जो वारा आहे तोच ८५०च्या नकाशावर रेघांनी दिसतो.

पहिली जागा अगदी दूर आहे, दक्षिण हिंदी महासागरात. तीस अंश दक्षिणेच्या आसपास जास्त दाबाचं एक मोठं क्षेत्र असतं. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या मस्कारीन बेटांवरून त्याला मस्कारीन हाय म्हणतात. तिकडे जून ते ऑगस्ट हिवाळा असतो आणि तेव्हा हा दाब १०२०च्या वर जातो. त्याच वेळी पश्चिम राजस्थान आणि पाकिस्तानावर तापलेल्या जमिनीवरचा दाब ९९६च्या आसपास उतरतो. या दोन टोकांमधला पंचवीसेक हेक्टोपास्कलचा उतार हेच मोसमी वाऱ्यांचं इंजिन. मॉरिशसमध्ये कित्येक पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबं आहेत; त्यांच्या अंगणातून हिवाळ्यात जो आग्नेय वारा वाहतो, त्याच प्रवाहातली हवा पुढे विषुववृत्त ओलांडून कोकणच्या दिशेने येते. मुंबई तिथून सरळ रेषेत साडेचार हजारांहून जास्त किलोमीटर आहे, आणि वारा तर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून वळसा घालून येतो. वेगाचा हिशोब केला तर हा प्रवास साधारण आठवड्याचा. या जागेवर रोज पाहण्याची गरज नाही, चार दिवसांनी एकदा दाबाचा नकाशा पाहिला तरी चालतं. तिथला दाब घसरला, केंद्र विस्कटलं, तर पुढच्या आठवड्यात आपल्याकडे वारा मंदावण्याची शक्यता धरा.

दुसरी जागा सोमालियाचा किनारा. दक्षिणेकडून आलेला आग्नेय वारा केनियाजवळ विषुववृत्त ओलांडतो, पूर्व आफ्रिकेच्या उंच डोंगरांमुळे पश्चिमेकडे पसरू शकत नाही, आणि उत्तर गोलार्धात आल्यामुळे उजवीकडे वळून नैर्ऋत्य वारा होतो. दीड किलोमीटर उंचीवर तिथे वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान झोत तयार होतो. जॉन फिंडलेटरने १९६९मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. नकाशावर तो ओळखायला अवघड नाही, सोमालियापासून अरबी समुद्रात शिरलेली गडद रंगाची एक कमान दिसते. ती कमान भरीव, सलग आणि थेट पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचलेली असेल तर पावसाची पाइपलाइन जोडलेली आहे. मध्येच तुटलेली किंवा ओमानकडे वळलेली असेल तर थांबा.

तिसरी जागा आपला स्वतःचा किनारा, आणि इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. दोन गोष्टी पाहायच्या. एक, केरळ आणि मुंबई यांच्या दाबातला फरक. जुलैच्या सरासरीत तिरुअनंतपुरमचा दाब १००९च्या आसपास आणि मुंबईचा १००३-१००४च्या आसपास असतो, म्हणजे पाच-सहा हेक्टोपास्कलचा उतार. तो वाढला तर किनाऱ्यावर वारा जोर धरतो, दोन-तीनवर आला तर समुद्रही शांत होतो आणि पाऊसही. दोन, किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा. बातम्यांत "दक्षिण गुजरात ते केरळ किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा सक्रिय" असं वाक्य येतं ते याचंच. हा पट्टा जेमतेम एक-दोन हेक्टोपास्कलचा असतो, समदाब रेषा किनाऱ्याजवळ किंचित वाकलेल्या दिसतात, एवढंच. पण कोकणातला बराचसा मुसळधार पाऊस त्याच्याच आधाराने पडतो.

मग ८५०च्या वाऱ्याची दिशा पाहा. सह्याद्री उत्तर-दक्षिण उभा आहे, तेव्हा त्याच्यावर काटकोनात आदळणारा पश्चिम किंवा पश्चिम-नैर्ऋत्य वारा सर्वांत जास्त पाणी टाकतो. माझा स्वतःचा ढोबळ नियम असा: कोकणावर हा वारा ताशी ४० किलोमीटरच्या वर आणि पश्चिमेकडून असेल तर घाटमाथ्यावर दमदार पाऊस, २५च्या खाली असेल तर रिपरिप. वारा वायव्येकडून येत असेल तर वेग असूनही पाऊस कमी, कारण ती हवा कोरड्या प्रदेशावरून येते. आणि घाट ओलांडला की हवा खाली उतरते, तापते, ढग विरतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून तीसेक किलोमीटरवर आमच्या वाईत हजाराच्याही आत. पुढे फलटण, माणकडे तर विचारूच नका. घाटावर जोराचा पश्चिम वारा असेल तेव्हा पर्जन्यछायेतल्या लोकांनी आनंदी होऊ नये. त्यांना पाऊस देणारी व्यवस्था वेगळी आहे, ती पुढे येते.

चौथी जागा मॉन्सूनचा आस. राजस्थानातल्या श्रीगंगानगरपासून गंगेच्या मैदानावरून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा जो लांबलचक पट्टा असतो तो. वारा त्याच्या दक्षिणेला पश्चिमेकडून, उत्तरेला पूर्वेकडून. तो नेहमीच्या जागी किंवा त्याहून दक्षिणेला असेल तर मध्य भारत आणि महाराष्ट्रात पाऊस चांगला. तो उचलला जाऊन हिमालयाच्या पायथ्याला टेकला की तिकडे नद्यांना पूर आणि आपल्याकडे खंड. सोयाबीन फुलोऱ्यात असताना मराठवाड्यात जो पंधरा-पंधरा दिवसांचा खंड जीव टांगणीला लावतो, तेव्हा आसाची जागा पाहिली तर बहुतेक वेळा तो पायथ्याशी सापडतो. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तेव्हा रोज नकाशा उघडून आस खाली उतरलाय का हे पाहणं एवढंच हातात होतं.

पायरी ५: वरचा वारा डोळ्यांनी पाहा

जुलैत उघडीप असताना गच्चीवर उताणे पडा. खालचे करडे ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे धावताना दिसतील. त्यांच्या फटीतून खूप उंचावर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे ढग दिसले, तर पाण्याच्या टाकीची कड किंवा विजेची तार नजरेत धरून पाच मिनिटं हलू नका. वरचे ढग उलट्या दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असतात. एकाच आकाशात दोन वारे, एकमेकांच्या उलट. वरचा तो उष्णकटिबंधीय पूर्वी झोतवारा, चौदा-सोळा किलोमीटर उंचीवरचा. हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी १९५८मध्ये तो दाखवून दिला. खाली गोळा झालेली हवा वर जाऊन कुठेतरी निघून गेली पाहिजे, नाहीतर खालचा कमी दाब भरून निघेल. ते काढून नेण्याचं काम हा वारा करतो. ॲपवर २०० किंवा १५० हेक्टोपास्कलचा थर निवडा. दक्षिण भारतावर पूर्वेकडून जोराचा वारा असेल तर मॉन्सून अंगात आलाय.

पायरी ६: पूर्वेकडून येणारा पाऊस

विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्राचा पूर्व भाग यांनी अरबी समुद्रापेक्षा बंगालच्या उपसागरावर लक्ष ठेवावं. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की ते साधारणपणे पश्चिम-वायव्येकडे, ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असं सरकतं. मोसमी काळातल्या अशा प्रणालीचा सर्वांत जोराचा पाऊस केंद्रात पडत नाही, तिच्या नैर्ऋत्य बाजूला पडतो. म्हणून केंद्र मध्य प्रदेशात आणि पूर गडचिरोली-चंद्रपुरात, असं घडतं. नकाशावर केंद्र लांब आहे म्हणून निवांत राहू नका. केंद्रापासून नैर्ऋत्येकडे रेघ ओढून पाहा.

बातम्यांतले शब्दही नेमके आहेत. भोवतीच्या वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असला तर कमी दाबाचं तीव्र क्षेत्र म्हणजे डिप्रेशन, ५० ते ६१ असला तर डीप डिप्रेशन, ६२ झाला की चक्रीवादळ आणि मगच त्याला नाव मिळतं. पावसाचंही तसंच: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे "जोरदार", ११५.६पासून "अति जोरदार", २०४.५पासून "अत्यंत जोरदार". अंदाजातल्या शब्दाला असा आकडा जोडून वाचला की घरात पाणी शिरेल की नुसतं अंगण भिजेल, याचा अदमास येतो.

पायरी ७: चक्रीवादळ जवळ असेल तेव्हा

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी बंदरावरचा बावटा आणि प्रशासनाची सूचना हीच अंतिम मानावी. पुढचं फक्त समजून घेण्यासाठी.

वारा कुठे वळतोय ते पाहिलं की केंद्र तुमच्या कुठल्या बाजूने जातंय ते कळतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. दक्षिणेकडून वर येऊन ईशान्येकडे वळलेलं वादळ होतं ते. दापोलीसारख्या, मार्गाच्या उजव्या बाजूच्या गावात अशा वेळी वारा आग्नेयेकडून दक्षिणेला आणि मग नैर्ऋत्येला, घड्याळाच्या दिशेने फिरतो. मार्गाच्या डावीकडे, मुंबईच्या बाजूला, तो उलट फिरतो. दिशा न बदलता वेग वाढत जात असेल आणि दाब पडत असेल तर केंद्र तुमच्याकडेच येतंय. आणि मध्येच वारा अचानक पडला, ढग फाटल्यासारखं झालं, तर कृपा करून घराबाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने उलट दिशेने तितकाच वारा येतो, आणि छपरावर कौलं लावायला चढलेली माणसं त्यात सापडतात.

अरबी समुद्रातलं वादळ म्हणजे मॉन्सूनला मदत, असा समजही सरसकट खरा नाही. जून २०२३मध्ये बिपरजॉय अरबी समुद्रात रेंगाळलं, ओलावा स्वतःकडे ओढत राहिलं. केरळात मॉन्सून ८ जूनला आला, मुंबईत ११ जूनऐवजी २५ जूनला, दिल्लीबरोबर एकाच दिवशी. त्या पंधरवड्यात नकाशावर सोमालियाची कमान आपल्याकडे न येता त्या भोवऱ्यात गुंडाळली जात होती.

पायरी ८: २०२५चं उदाहरण, पेरणीच्या नजरेने

२०२५मध्ये मॉन्सून केरळात २४ मे रोजी आला. त्याच सुमारास कोकण किनाऱ्यालगतचं डिप्रेशन रत्नागिरीजवळ जमिनीवर आलं आणि त्याच्या ओढीने मॉन्सून २६ मे रोजी मुंबई-पुण्यात दाखल झाला, नेहमीच्या तारखेच्या दोन आठवडे आधी. बांधावर पाणी, हवेत गारवा, मृग लागायला अजून अवकाश. कुणालाही वाटावं की आता तिफण धरावी. आणि मग मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत प्रगती थांबली.

यात नकाशाने काय सांगितलं होतं? पाऊस आणणारं कारण तात्पुरतं होतं, एक डिप्रेशन. ते विरल्यावर अरबी समुद्रातला प्रवाह मंदावला, वायव्येकडून कोरडी हवा घुसली. म्हणून जूनमध्ये पाऊस सुरू झाला की स्वतःला विचारा: हा पाऊस एका भोवऱ्याचा आहे की सोमालियापासूनच्या सलग वाऱ्याचा? हवामान खातंसुद्धा केरळातलं आगमन नुसत्या पावसावरून जाहीर करत नाही. ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान २.५ मिलिमीटर पाऊस तर लागतोच, शिवाय पश्चिमी वाऱ्यांचा थर ६०० हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे चारेक किलोमीटर जाडीचा असावा लागतो, आणि खालच्या थरात १५ ते २० नॉट वेग. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. हीच कसोटी आपण आपल्या भागाला लावू शकतो: ९२५, ८५० आणि ७०० या तीनही थरांत पश्चिमेचा वारा आहे का, आणि पुढचे पाच-सहा दिवस तो टिकताना दिसतोय का.

पायरी ९: लांबचे धागे, थोडक्यात

ताहिती आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन यांच्या दाबांत झोका चालतो, एकीकडे चढला की दुसरीकडे उतरतो. भारतीय वेधशाळांचे प्रमुख असताना (१९०४ ते १९२४) गिल्बर्ट वॉकर मॉन्सूनचा अंदाज शोधत होते, आणि त्या शोधातूनच हा झोका जगापुढे आला. पॅसिफिकचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं तो एल निन्यो, याच झोक्याची दुसरी बाजू; तो आला की मॉन्सून दुबळा होण्याची भीती असते. १९७२चा दुष्काळ एल निन्योच्या वर्षातला, हे खरं. पण १९९७ला शतकातल्या अत्यंत बलवान एल निन्योतही देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला, कारण हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलेला होता आणि त्याने हात दिला. एल निन्योची बातमी हंगामाच्या कर्जाचं, चाऱ्याचं, पीकनिवडीचं नियोजन करायला वापरा. कोणत्या आठवड्यात पेरायचं, हे ती सांगत नाही.

हिवाळ्यात मात्र नकाशा बदलतो. तेव्हा उत्तरेकडच्या पश्चिमी वाऱ्यांतून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या लाटा, येतात. ५०० हेक्टोपास्कलवर त्या थंड वाऱ्याचा बाक महाराष्ट्रापर्यंत खाली आलाय, आणि त्याच वेळी ८५०वर बंगालच्या उपसागराकडून ओलसर आग्नेय वारा शिरतोय, अशी जोडी दिसली तर गारपिटीची तयारी ठेवा. फेब्रुवारी-मार्च २०१४मध्ये गहू, हरभरा, द्राक्षं ज्या गारांनी झोपवली, त्या अशाच जोडीच्या होत्या. द्राक्ष बागायतदारांनी जानेवारीपासून हे दोन थर रोज पाहावेत असं मला कळकळीने वाटतं.

हे वाचन कुठे थांबतं

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७४. दोन्ही वेधशाळा एकाच शहरात, मध्ये पंचवीसेक किलोमीटर. दाब आणि वारा दोन्हीकडे जवळपास एकच होता. प्रदेशावर मोठा पाऊस येणार हे दाब-वाऱ्याचा नकाशा सांगू शकतो; कुठल्या तालुक्यावर ढग फुटेल हे तो सांगत नाही. शेवटच्या दोन-तीन तासांसाठी हवामान खात्याच्या संकेतस्थळावरची डॉप्लर रडारची चित्रं पाहा, आणि विजांसाठी दामिनी ॲप ठेवा.

बाकी वहीचं. पाच रकाने पुरतात: तारीख, साडेआठचा दाब, कालपेक्षा फरक, खालच्या ढगांची दिशा, पाऊस. पावसासाठी सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवून पट्टीने मिलिमीटर मोजले तरी चालतं. डब्याचं तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचे हवेत, आणि झाड किंवा भिंत जवळ नको. खरिपाची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि वाफसा आल्यावर करा, असं कृषी विभाग सांगतो. तो आकडा जिल्ह्याचा धरू नका, तुमच्या शिवारात ठेवलेल्या डब्यातला धरा.